काँक्रीट पडण्याआधी शेवटचं बघणारा माणूस

प्रश्न: सिव्हिलचा डिप्लोमा करून दोन वर्षं झाली. एका निवासी इमारतीच्या साईटवर ज्युनिअर इंजिनिअर आहे. चेकलिस्टवर सही माझी असते, पण निर्णय एकही माझा नसतो. कॉन्ट्रॅक्टरला स्लॅब उरकायचा असतो, वरिष्ठ 'चालतंय रे' म्हणतात. मी एकट्याने जीव तोडून काही होणार आहे का? आणि अशा कामाचा अभिमान कुठून आणायचा?

उत्तर:

'निर्णय एकही माझा नसतो' हे अर्धंच खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आहेत, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कॉलम केवढा, सळई कितीची, काँक्रीट कुठल्या ग्रेडचं हे आरसीसी कन्सल्टंट, म्हणजे इमारतीच्या सांगाड्याचं गणित करणारा इंजिनिअर, ठरवतो. माल कोणत्या प्लँटचा आणि स्लॅब किती दिवसांनी, हे बिल्डर आणि कॉन्ट्रॅक्टर ठरवतात. त्यात तुमचा शब्द चालत नाही, आणि दोन वर्षांच्या अनुभवावर तो चालावा अशी अपेक्षाही कुणी करू नये. पण ड्रॉइंगमध्ये जी सळई जिथे दाखवली आहे तिथे ती खरोखर आहे का, तिच्याखाली कव्हर ब्लॉक (सळई साच्यापासून वर उचलून धरणारा ठोकळा) आहे का, बीमच्या टोकांना रिंगा (मुख्य सळयांना वेढणाऱ्या बारीक सळया) जवळजवळ घेतल्यात का, हे काँक्रीट पडण्याआधी शेवटचं बघणारा माणूस बहुतेक साईटवर ज्युनिअर इंजिनिअरच असतो. कन्सल्टंट स्लॅब तपासायला येतो तो आदल्या दिवशी. तो गेल्यावर प्लंबर पाइपला जागा करायला दोन रिंगा कापतो. इलेक्ट्रिशियन कंड्युट (वायरीची नळी) टाकताना वरच्या जाळीवर उभा राहून ती खाली बसवतो. सकाळी पंपाची पाइपलाइन त्याच जाळीवरून ओढत नेतात. या सगळ्यानंतरची अवस्था फक्त तुम्ही बघता, आणि तासाभराने ती कुणालाच दिसणार नसते.

शिवलेला सदरा उसवला तर घालणाऱ्याला त्याच दिवशी कळतं. आपल्या कामात तसं होत नाही. चूक काँक्रीटच्या पोटात जाते, वर प्लॅस्टर, पुट्टी, रंग चढतो, आणि घर घेणारा माणूस टाइल्सचा रंग बघून खूश होतो. त्याला सळई दिसत नाही, कधी दिसणारही नाही. त्याच्या वतीने ती बघायला कुणीतरी हवं होतं आणि त्या सकाळी तिथे तुम्ही होतात. तुमच्या हातातला निर्णय हाच: हे असं झाकू द्यायचं की नाही.

कव्हरचंच घ्या, म्हणजे सळईबाहेरच्या काँक्रीटच्या थराचं, कारण साईटवर सगळ्यात सहज दुर्लक्ष त्याच्याकडे होतं. स्लॅबच्या खालच्या सळईला साधारण २० मिलिमीटर कव्हर लागतं. कव्हर ब्लॉक संपले म्हणून कुणी खडीचे तुकडे सारले, ते चालताना निसटले, सळई साच्याच्या प्लायवूडवर टेकली, की कव्हर पाच-सात मिलिमीटरवर येतं. त्या दिवशी काहीच बिघडत नाही. स्लॅब भरतो, सेंटरिंग (खालचा आधाराचा साचा) उतरतं, लोक राहायला येतात. आत मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये मुरत असतो आणि सळईला गंजापासून वाचवणारा काँक्रीटचा अल्कधर्मी गुण संपवत पुढे सरकत असतो. हे सरकणं वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतं. म्हणून कव्हर निम्मं झालं तर सळईपर्यंत पोचायला लागणारा काळ निम्मा होत नाही, साधारण पावपट होतो. चाळीस वर्षं निर्धास्त राहिला असता असा स्लॅब दहाव्या वर्षी आतून गंजायला लागतो. गंजलेली सळई फुगते, खालचं काँक्रीट फोडते, आणि एके दिवशी बेडरूमच्या छताचा पोपडा पलंगावर पडतो. मुंबई, रत्नागिरी, मालवण अशा किनाऱ्यावर हवेतल्या क्षारांमुळे हे अजून लवकर होतं. तिथे उघड्यावरच्या कामाला आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात ४५ मिलिमीटर कव्हर मागितलंय ते उगाच नाही.

रेरा कायद्याच्या कलम १४(३) प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष दाखवून दिला तर विकासकाने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. चांगली तरतूद आहे. पण कव्हरची चूक वर यायला पाच वर्षं पुरत नाहीत. ती बाहेर येईल तेव्हा कॉन्ट्रॅक्टर दुसऱ्या शहरात असेल, तुम्ही तिसऱ्या कंपनीत असाल आणि पोअर कार्डाची (काँक्रीट घेण्याआधीच्या तपासणीच्या कागदाची) फाइल रद्दीत गेलेली असेल. सोसायटीचे लोक वर्गणी काढून दुरुस्ती करतील आणि चूक कुणाची हे त्यांना कधीच कळणार नाही. कुणी जाब विचारणार नाही अशा जागी आपण काय करतो, मला वाटतं खरी जबाबदारी तिथेच असते. जाब विचारला जाणार असेल तेव्हा नीट वागायला नुसती भीतीही पुरते.

आता एक प्रसंग जरा जवळून बघू, कारण तो जवळपास दर स्लॅबला होतो. संध्याकाळचे पाच वाजलेत. आरएमसीची, म्हणजे प्लँटमधून तयार काँक्रीट आणणारी, ६ घनमीटरची गाडी हायवेवर अडकून उशिरा आलीय. माल कडक झालाय. पंपवाला वरून ओरडतो, "साहेब, पाइप चोक होईल, थोडं पाणी मारू का?" ड्रायव्हरच्या हातात नळी तयारच असते. 'थोडं' म्हणजे किती ते कुणी मोजत नाही, पण शंभर लिटर सहज जातं. हिशेब करा. घनमीटरला ३५० किलो सिमेंट आणि पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ धरलं तर प्लँटने घनमीटरला साधारण १५८ लिटर पाणी दिलेलं आहे. शंभर लिटर सहा घनमीटरमध्ये गेलं की घनमीटरला जवळपास १७ लिटर वाढलं. प्रमाण ०.५० वर गेलं. ढोबळ मानाने ताकदीचा दहावा हिस्सा गेला, शिवाय काँक्रीट जास्त सच्छिद्र झालं ते वेगळंच, म्हणजे वर सांगितलेला गंजाचा प्रवास आणखी सोपा झाला.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट पुढे आहे. क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, आधीच भरून झालेले असतात. गाडी आल्या आल्या लॅबच्या पोऱ्याने चुटमधून माल घेतला, १५० मिलिमीटरचे साचे तीन थरांत भरले, प्रत्येक थराला ३५ ठोके दिले, सगळं पुस्तकाप्रमाणे. २८ दिवसांनी ते क्यूब दिमाखात पास होतात. रिपोर्ट खरा, त्याच्यावरची सही खरी, आणि स्लॅबमध्ये गेलेला माल तो नव्हेच. फाइल बघणाऱ्या कुणालाही यात खोट सापडणार नाही. ती फक्त तुम्हाला ठाऊक असते.

अशा वेळी भांडू नका. आधी बॅच स्लिपवरची, म्हणजे गाडीबरोबर आलेल्या प्लँटच्या चिठ्ठीवरची, वेळ बघा. तयार काँक्रीटच्या आयएस ४९२६ या मानकाप्रमाणे माल भरल्यापासून २ तासांच्या आत गाडी रिकामी व्हायला हवी. वेळ उलटून गेली असेल तर बोलायचं कारणच उरत नाही, स्लिपच बोलते. वेळ शिल्लक असेल तर स्लंप घ्या (माल किती सैल आहे ते मोजा), आकडा लिहा आणि प्लँटच्या क्वालिटीवाल्याला फोन लावा. तो अ‍ॅडमिक्श्चरचा डोस सांगेल किंवा माणूस पाठवेल. पाणी न वाढवता माल सैल करायची ती सोय असते आणि बहुतेक प्लँट ती देतात. आणि सगळे तुमच्या अंगावर आलेच, तर आवाज न चढवता एवढंच म्हणा, "ठीक आहे, मग क्यूब पाणी घातल्यावरच्या मालाचे भरू." या एका वाक्याने नळी खाली ठेवलेली मी पुष्कळदा पाहिली आहे. कारण आतापर्यंत पाणी सगळ्यांचं होतं आणि आता त्याचा आकडा कागदावर येणार असतो. गाडी दहा मिनिटं उभी करून एक फोन करणं, याला कुठल्याही वरिष्ठाची परवानगी लागत नाही. एकट्याने काय होणार, असं विचारलंत ना? हे होतं.

पण रोखणं सोपं आहे, समजावणं अवघड. तरुण इंजिनिअर रोखायला लवकर शिकतात आणि समजावायला फार उशिरा. रिंगांच्या हुकाचं सांगतो. भूकंपाच्या नियमाप्रमाणे रिंगेची टोकं १३५ अंशात वाकवून आतल्या बाजूला वळवायची आणि पुढे किमान ६५ मिलिमीटर ठेवायची. सळई बांधणाऱ्या फिटरला हे जाचक वाटतं, कारण अशी रिंग उभ्या सळयांमध्ये बसवायला वेळ लागतो. ९० अंशांची पटकन बसते. साध्या दिवसांत दोन्ही सारख्याच. भूकंपात मात्र कॉलमचं बाहेरचं कव्हर उडतं, ९० अंशांची टोकं मोकळी होऊन उघडतात, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतलं काँक्रीट पिठासारखं सांडतं. २६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून जास्त किलोमीटरवर असलेल्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. पार्किंगसाठी भिंतींविना मोकळा सोडलेला तळमजला हे त्यातलं मोठं कारण होतं. पण पाहणीत विरळ रिंगा आणि ९० अंशांचे हुकही पुन्हा पुन्हा दिसले. ते हुक कुणीतरी वाकवले होते, कुणीतरी बघितले होते आणि कुणीतरी त्यावर टिक केली होती.

पिंपरी-चिंचवडकडच्या एका साईटवर यादगीरकडचा एक वयस्क फिटर होता. हात अतिशय साफ, बांधणी बघत राहावी अशी, पण हुक मात्र ९०. चार वेळा सांगितलं की चार दिवस १३५ व्हायचे, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. एका दुपारी सळईचे चार तुकडे उभे करून आम्ही त्यांच्यावर एक रिंग ९० ची आणि एक १३५ ची बसवली आणि त्याच्याच हातात पहार दिली. म्हटलं, आतून बाहेर दाबा. पहिल्या रिंगेची टोकं सळईवरून सटकून बाहेर आली. दुसरीने सळई धरून ठेवली. तो उकिडवा बसून दोन्हीकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हे कुणी कधी दाखवलंच नाही. नुसतं वाकव म्हणायचे." त्यानंतर हाताखालच्या पोरांचा हुक चुकला की तो स्वतःच मोडून परत करायला लावायचा. मला तिकडे बघावंही लागत नव्हतं.

त्या माणसाला कामाची चाड नव्हती किंवा आळस होता असं मुळीच नाही. त्याला कारण कुणी दिलं नव्हतं. मजुरांना जबाबदारी कळत नाही, अशी ओरड मी फार ऐकतो, आणि ती करणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी एखाद्या गवंड्याला कव्हर कशासाठी असतं हे समजावून सांगितलेलं असतं. ज्याला का ते कळलं, तो ते काम स्वतःचं म्हणून करायला लागतो. तुमच्या हातात अधिकार नाही, पण कारणं सगळी आहेत, कॉलेजात शिकलेली आहेत. ती वाटायला कुणाची सही लागत नाही.

आता सहीबद्दल. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात गंभीर वाक्य तेच आहे आणि ते तुम्ही ओझरतं लिहून गेला आहात.

१७ जुलै १९८१ ला अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या हयात रीजन्सी हॉटेलात प्रवेश-दालनावरचे दोन झुलते पादचारी पूल कोसळले. ११४ माणसं गेली. मूळ आराखड्यात दुसऱ्या आणि चौथ्या मजल्याचे पूल छतापासून खाली येणाऱ्या एकाच सलग लोखंडी दांड्यांना अडकवलेले होते. इतक्या लांब दांड्यावर आटे पाडून नट वर चढवणं कठीण म्हणून बनवणाऱ्यांनी एकाच्या जागी दोन दांडे सुचवले: वरचा पूल छताला आणि खालचा पूल वरच्या पुलाला. कागदावर किरकोळ बदल. पण त्यामुळे वरच्या पुलाच्या जोडावर आपला भार आणि खालच्या पुलाचाही भार, म्हणजे दुप्पट वजन आलं. मूळ जोडसुद्धा तिथल्या नियमांत बसण्याइतका भक्कम नव्हताच. नकाशे मंजुरीला आले आणि इंजिनिअरांच्या कचेरीतून शिक्का घेऊन परत गेले. त्या जोडाचं गणित कुणीच केलं नव्हतं. बनवणाऱ्यांना वाटलं इंजिनिअर बघतील, इंजिनिअरांना वाटलं जोड बनवणाऱ्यांनी मोजलाय. पुढे चौकशीत जबाबदारी ज्यांचा शिक्का होता त्यांच्यावर आली आणि तिथल्या दोन इंजिनिअरांचे परवाने रद्द झाले.

ही घटना मी नव्या मुलांना सांगतो ती घाबरवायला नाही. तिथे वाईट हेतू असलेला माणूस शोधूनही सापडत नाही. प्रत्येकाच्या मनात दुसरा कुणीतरी होता, बस. आपल्या चेकलिस्टवर चार सह्यांच्या जागा असतात: कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर, ज्युनिअर इंजिनिअर, सीनिअर, क्लायंटचा माणूस. चार जण सही करणार म्हटल्यावर बघायचं कोणी, हे बहुतेक वेळा अध्याहृत राहतं. तुमच्यापुरता नियम एकच ठेवा: जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर सही नाही. टेप लावून बघितलं असेल तर सही. शिडी चढून लिफ्टचा कॉलम पाहिला नसेल तर त्या ओळीपुढे 'पाहिले नाही' असं लिहा आणि बाकीच्यांवर सही करा. सुरुवातीला लोक चिडतील. महिनाभरात त्यांना कळेल की या माणसाची सही असेल तर ते काम झालेलं असतं, आणि ज्युनिअर असूनही तुमच्या सहीला जी किंमत येईल ती पगारवाढीने येत नाही.

याचा अर्थ प्रत्येक गोष्टीवर अडून बसायचं असा घेऊ नका. तुमचे वरिष्ठ 'चालतंय' म्हणतात तेव्हा अनेकदा ते खरंच चालत असतं. कॉलमच्या मापात आयएस ४५६ स्वतःच अधिक १२ आणि उणे ६ मिलिमीटरची मुभा देतं. रिंग दीड सेंटीमीटर इकडेतिकडे, प्लायच्या सांध्यावर कडेला आलेली बारीक रेघ, एका ठिकाणी बाइंडिंग वायरचा वेढा कमी, यासाठी स्लॅब थांबवणारा इंजिनिअर खऱ्या चुकीच्या वेळी ऐकला जात नाही. कव्हरला मात्र तशी मुभा नाही, तिथे जास्तीचे १० चालतात, उणे शून्य. म्हणजे कुठे सैल सोडायचं आणि कुठे घट्ट धरायचं हे तुमच्या स्वभावावर नाही, अभ्यासावर ठरायला हवं. कोड घरी नेऊन वाचा. साईटवरच्या बहुतेक वादांत ज्याने ते पान वाचलंय त्याचा आवाज आपोआप खाली येतो आणि म्हणणं वर जातं. आणि कन्सल्टंटचा निर्णय तुमचा नाही हेही तितकंच लक्षात ठेवा. सळई कमी वाटली तर विचारा, लेखी विचारा, पण स्वतःच्या मनाने दोन वाढवू नका. बीममध्ये जास्त सळई टाकणं प्रत्येक वेळी सुरक्षित नसतं आणि ते गणित तुमच्याकडे नाही. दुसऱ्याची जबाबदारी परस्पर उचलणं हीसुद्धा बेजबाबदारीच.

अभिमानाचं विचारलंत. आपल्याकडे या विषयावर बोलताना रायगडावरच्या जगदीश्वराच्या मंदिराची पायरी आठवल्याशिवाय राहत नाही. 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर.' गड बांधणाऱ्याने आपलं नाव पायरीवर कोरलं, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायाची धूळ त्यावर पडावी म्हणून, असं आपण लहानपणापासून ऐकतो आणि त्यातल्या नम्रतेने भारावतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. नाव आहे. या बांधकामाबद्दल काही विचारायचं असेल तर कुणाला विचारायचं, हे दगडात लिहून ठेवलंय. ज्याला आपल्या कामाची खात्री नाही तो माणूस हे करत नाही.

तुमच्या साईटवर कॉलमवर रंगाने काँक्रीटची तारीख टाकत असतील, क्युरिंगचे (काँक्रीट ओलं ठेवण्याचे) दिवस मोजायला. त्या तारखेखाली तो कॉलम बांधणाऱ्या फिटरचं आणि भरणाऱ्या गवंड्याचं नाव टाकायला सुरुवात करा, आणि तपासणारा म्हणून तुमचं. प्लॅस्टरखाली जाईलच ते, हरकत नाही. ज्या साईट्सवर मी हे करायला लावलं तिथे पहिल्या आठवड्यात हसू झालं. मग एक गवंडी आपल्या नावाच्या कॉलमला तळाशी हनीकोंब (काँक्रीटमध्ये राहिलेली पोकळ जाळी) दिसलं म्हणून सकाळी माझ्या आधी येऊन उभा होता. लपवायला त्याच्याकडे अख्खी रात्र आणि सिमेंटची स्लरी दोन्ही होतं. त्याने लपवलं नाही, दाखवलं. कन्सल्टंटला विचारून सैल भाग छिन्नीने काढला, ग्राउट भरलं, आणि त्याच्या नावाचा कॉलम बाकीच्यांसारखा उभा राहिला. नाव टाकलं म्हणजे दोष देण्याची सोय झाली, असं ज्या साईटवर झालं तिथे मात्र हे पार फसलं. मुकादमाने एकाचे पैसे कापले आणि दुसऱ्या दिवसापासून सगळे नाव खोटं सांगायला लागले. तेव्हा नावं लिहिणार असाल तर चांगल्या कॉलमपुढे उभं राहून, चार लोक ऐकतील असं, त्या माणसाचं नाव घेण्याची तयारी ठेवा. आपल्याकडे शिवीला आवाज चढतो आणि शाबासकी पुटपुटली जाते.

अभिमान असाच येतो, वरून कुणी आणून देत नाही. मोठी इमारत, नावाजलेला बिल्डर, उद्घाटनाला आलेला मंत्री यांच्याने छाती फुगते, पण ते फार टिकत नाही, कारण त्यात आपला हात कुठे होता हे सांगता येत नाही. सातव्या मजल्याच्या अमुक बीमच्या जोडात रिंगा आहेत कारण तिथे हात घालून मी त्या मोजल्या, हे मात्र सांगता येतं. माझ्या जुन्या इमारतींवरून जाताना बायको आणि मुलं कंटाळतात इतकं मला त्यातलं आठवतं, आणि त्या आठवणींचा मला मनापासून आनंद आहे.

क्युरिंगबद्दल थोडक्यात, कारण तिथे कौशल्य लागत नाही, फक्त चिकाटी लागते, आणि म्हणून माणूस तिथे ओळखू येतो. स्लॅबवर आळी करून पाणी साठवतात ते ठीक. कॉलमला गुंडाळलेलं गोणपाट दुपारी एकला पाठीमागून हात घालून बघा, सोलापूर-मराठवाड्याच्या उन्हात ते खडखडीत वाळलेलं असतं. पीपीसी (पोझोलानामिश्रित सिमेंट) वापरत असाल तर आयएस ४५६ किमान १० दिवस सांगतं, कोरड्या उष्ण हवेत १४. रजिस्टरमध्ये रोज तीन वेळा पाणी मारल्याची नोंद असते. दुपारी एकला तुम्ही एक फेरी मारा, एवढंच सांगणं आहे.

राहिला प्रश्न भीतीचा. नोकरी जाईल का? हे मी हलकं करून सांगणार नाही. कधी कधी जाते, निदान बदली तरी होते. घरी हप्ते असतात, आई-वडिलांचं औषध असतं, आणि हुतात्मा व्हा असं कुणाला सांगण्याचा मला अधिकार नाही. पण माझ्या पाहण्यात तरुण इंजिनिअरांची अडचण बहुतेक वेळा खरं बोलल्यामुळे झालेली नसते, चारचौघांत आणि चुकीच्या वेळी बोलल्यामुळे झालेली असते. पंप चालू असताना, कॉन्ट्रॅक्टरच्या देखत, वरिष्ठांना 'सर, हे चुकीचं आहे' म्हटलं की त्यांना बाजू घ्यावीच लागते. आदल्या संध्याकाळी मिस्त्रीला सांगा. ऐकलं नाही तर वरिष्ठांना एकट्याला गाठून सांगा, सोबत उपायही सांगा: 'सर, दोन माणसं दिलीत तर सकाळी आठपर्यंत कव्हर ब्लॉक घालून होतील.' तरीही नाही झालं, तर लिहा.

लिहिणं ही या धंद्यात शिकायची सगळ्यात मोलाची सवय आहे. आरोप लिहायचा नाही. 'कॉन्ट्रॅक्टर निष्काळजी आहे' हे वाक्य उद्या तुमच्यावरच उलटेल. दिसलं ते लिहा, ग्रिडसकट (नकाशावरच्या जागेच्या खुणेसकट), वेळेसकट, आणि टेप लावलेला फोटो जोडा. कव्हरची, रिंगांची, क्युरिंगची चूक असेल तर एवढ्यावर तुमच्या पातळीवरचं काम बऱ्याच अंशी होतं. माणसाच्या जिवाशी थेट गाठ असेल तर ते पुरत नाही. टेकू वेळेआधी काढायला सांगितले, सेंटरिंग हलतंय आणि वर माणसं आहेत, खोदकामाची बाजू ढासळतेय, अशा वेळी डायरी बाजूला ठेवून आधी माणसं खाली उतरवा. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू १४ दिवसांआधी काढायचे नसतात, आणि ते काढा असं सांगणारी कंपनी वर्षानुवर्षं तुम्ही सुधारू शकणार नाही. तिथून दुसरी नोकरी शोधायला लागा, आणि मिळेपर्यंत त्या टेकूंवर लक्ष ठेवा.

तुमच्या पुढच्या स्लॅबसाठी नमुना देतो, शब्द बदलून वापरा: 'चौथा मजला, ग्रिड बी-३ ते बी-५, सकाळी ७.४०. बीमच्या तळाला कव्हर ब्लॉक ६ ठिकाणी नाहीत, सळई प्लायला टेकलेली. फोटो काढले. सुपरवायझर यांना ७.४५ ला तोंडी सांगितले, साईट इनचार्ज यांना ७.५० ला फोन केला. ब्लॉक घालेपर्यंत या भागात काँक्रीट घेऊ नये ही विनंती.' खाली सही, तारीख. मूळ पान साईटच्या सूचना-वहीत, फोटो कामाच्या ग्रुपवर, एक प्रत तुमच्या स्वतःच्या डायरीत. ब्लॉक घालून झाले की त्याच पानावर '८.३० ला पूर्ण, तपासले' असं लिहायला विसरू नका, आणि ज्याने ते घातले त्याचं नावही लिहा.